पाडलेल्या स्टेशनाची पहिली पायरी

आमच्या गावात स्टेशन होतं. असं सांगितलं की हल्लीची पोरं हसतात, कारण आमच्या गावातून रेल्वे जात नाही आणि कधी गेलीही नाही. पण रेल्वे वेगळी आणि स्टेशन वेगळं. तळ्यात पाणी नसलं तरी आपण त्याला तळंच म्हणतो ना? आमचं स्टेशन चिऱ्याच्या खांबांवर उभं होतं, दोन पुरुष उंच. वर मंगळुरी कौलं, आत बसायला बांक, चढायला दोन बाजूंनी जिने. ते जिने मी बांधले. हळर्णहून पेडण्याला जाणारी माणसं टेंपोतून माना वर करून बघत जायची. आता ते पाडलं, तिथून रस्ता गेला, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला खाली काय होतं ते ठाऊक नसतं. म्हणून लिहून ठेवतो.

मी दुसरीपर्यंत शिकलो, ते मराठी शाळेत. त्यामुळे लिहायचं ते मराठीत, आणि भांडायचं ते कोकणीत. त्या काळी बाहेर सभांमध्ये या दोन भाषांवरून माणसं एकमेकांच्या अंगावर जात होती. आमच्या घरात दोघी सुखानं नांदत होत्या, कारण लिहायची वेळ क्वचित यायची आणि भांडायची रोज.

गोव्याला राज्य मिळालं त्या सुमारास माझ्या एकुलत्या मुलीचं लग्न झालं. जावई रत्नागिरीकडचा, आंब्याच्या कॅनिंगमध्ये नोकरीला. माणूस चांगला. व्याह्यांची जीभ मात्र कोयत्यासारखी. लग्न लागलं, जेवणं झाली, आणि मुलीला निरोप द्यायच्या आधी आम्ही सगळे देवळाच्या चौकात उभे राहिलो. गुरवानं गाऱ्हाणं सुरू केलं. आमच्याकडची रीत अशी की गुरवानं देवापुढं नारळ ठेवून एकेक मागणं मोठ्यानं म्हणायचं, थांबायचं, आणि जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गुरव श्वास घ्यायला थांबला तेवढ्यात व्याही माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या गावात यायचं म्हणजे एक एस्टी, मग दुसरी एस्टी, मग टेंपोत उभं राहायचं. आम्ही आलो हो. तुम्ही कसले येताय आमच्याकडे."

मला राग आला की माझा आवाज वाढतो, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मी म्हटलं, "येतलंय. पण माझ्या गावच्या स्टेशनावरसून आगगाडयेन बसान येतलंय. तोपर्यंत चेडवाच्या घराचो उंबरो वलांडूचंय ना."

गुरवाचा श्वास घेऊन झाला होता. गाऱ्हाण्यात पडलेला शब्द सोडायचा नसतो, म्हणून त्यानं तो उचलला आणि पुढं जोडला, "जसो शब्द दिल्यान, तसो पुरो करून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. व्याहीसुद्धा म्हणाले. व्हय म्हाराजा म्हणायला विचार लागत नाही, गुरव थांबला की तोंडातून ते आपसूक निघतं. घरी येताना माझी घरकारीण म्हणाली, "तुमी देवाक आगगाडी घातली. आता निस्तरा."

मी निस्तरणारच होतो. फक्त तोपर्यंत आमच्या तालुक्यात रेल्वेचा रूळ कोणी बघितला नव्हता.

मग काही पावसाळे गेले आणि रेल्वेच्या मोजणीची माणसं आली. त्यांनी देवळाखालच्या वायंगण, म्हणजे उन्हाळी भाताच्या शेतात एक बांबू पुरला आणि त्याच्या टोकाला तांबडं फडकं बांधलं. त्यांचा मुकादम बेळगावकडचा. तो आमच्या ओट्यावर जेवायला बसला. घरकारणीनं बांगड्याचं हुमण वाढलं, आणि मी विचारलं की रूळ कुठून येणार. त्याचं तोंड भरलेलं होतं. त्यानं फडक्याकडे बोट केलं आणि घास गिळून म्हणाला, "तिकडनं बघा. उंची तेवढी धरा की."

तशी फडकी त्यांनी आणखी कितीतरी गावांत बांधली होती, हे आम्हाला पुष्कळ मागाहून कळलं. त्या दिवशी मात्र मी जेवण टाकून देवळाकडे धावलो.

आमच्या गावाला एक गोष्ट अनुभवानं ठाऊक होती. पूर्वी बस आमच्याकडे थांबत नसे, नुसती धूळ उडवून जायची. मग आम्ही वडाखाली निवारा बांधला, कोणाला न विचारता. दुसऱ्या महिन्यापासून बस थांबायला लागली. जिथं निवारा तिथं ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जातोच. मी सभेत उभा राहून म्हटलं की रेल्वेचंही तेच. आधी स्टेशन उभं करा, मग कोणाची छाती आहे न थांबता जायची? हे सगळ्यांना पटलं. शाळेतल्या मास्तरांनाही पटलं, आणि ते पदवीधर होते.

तरी देवाला विचारल्याशिवाय आमच्याकडे कोणी विहीरही खणत नाही. कौल लावला. देवाच्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि बघत बसायचं; उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. गुरवानं विचारलं, "गाडी येतली काय म्हाराजा?" उजवी कळी पडली. पडली कसली, उडी मारल्यासारखी आली. थोरल्या गावकरांनी, म्हणजे गावच्या पहिल्या मानकऱ्यांनी, नारळ फोडला आणि आम्ही कामाला लागलो.

चिरे आमच्याच डोंगराचे, ओझी वाहायला वाड्यावाड्यातली माणसं, आणि गवंडी मी. फडक्याच्या उंचीला दोरी बांधली आणि तिथपर्यंत खांब चढवले. अडचण आली ती जिन्यांवरून. चढायला एक, उतरायला एक असे दोन जिने मी धरले होते. थोरले गावकर काठी टेकत आले आणि खालूनच म्हणाले, "दोन जिने म्हणजे दोघे एकदम वर येतले. मगे पयलो कोण?"

हे खरंच होतं. आमच्या देवळात पालखीला पहिला हात त्यांचा, शिमग्याची पहिली फांदी त्यांची, होळीवर पहिला नारळ त्यांचा. गाडीत पहिला पाय दुसऱ्या कोणाचा पडला असता तर गावात पुढची दहा वर्षं कोणी कोणाकडे जेवायला गेलं नसतं. मी एक रात्र विचार केला आणि डावीकडच्या जिन्याला जास्त पायऱ्या केल्या, बारीक बारीक, बोटभर उंचीच्या. उजवीकडून थोरले गावकर चढायला लागले की डावीकडचा माणूस कितीही तरणा असो, तो मागून पोचायचा. मी स्वतः धावून बघितलं. गावकर खूश झाले. उजव्या जिन्याची पहिली पायरी मी अखंड चिऱ्याची घडवली, चांगली रुंद, आणि तिच्यावर पहिलं पाऊल त्यांनी ठेवलं. दुसरं मी ठेवलं, कारण शब्द माझा होता.

मग पाटी. मराठीत की कोकणीत? यावर सभा झाल्या, एका सभेत कदेल, म्हणजे खुर्ची, मोडली. गावाचं नाव दोन्ही भाषांत तेच, अक्षरंही तीच. हे मास्तरांनी फळ्यावर लिहून दाखवलं तेव्हा दोन्ही बाजूंची माणसं त्यांच्यावर चिडली. शेवटी दोन पाट्या लावल्या, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. ओळखता याव्यात म्हणून मराठीवाल्यांनी आपली निळी रंगवली. नंतर एका पावसात रंग गेला आणि कुठली कोणाची ते कोणाला सांगता येईना. पण तोवर भांडणाचा कंटाळा आला होता.

माझा मेहुणा डिचोलीला खाणीवर होता. खनिजाच्या जुन्या डब्यांच्या रुळाचा एक तुकडा त्यानं आणून दिला, हातभर लांब. तो आम्ही छपराला टांगला, घंटा म्हणून. रेल्वे यायच्या आधी आमच्याकडे रूळ आला तो असा. गुरवाचा आवाज मोठा म्हणून त्यालाच स्टेशन मास्तर नेमलं. तो सकाळी देवाची पूजा करायचा, मग येऊन रूळ वाजवायचा, चौफेर बघायचा आणि घरी जायचा.

आम्ही वाट बघायला लागलो. संध्याकाळी वर बसायला मजा यायची. वारा असायचा, खाली हिरवं शेत, पलीकडे नदीची चकाकी. काही दिवसांनी बायकांनी वर कोकमाची सोलं सुकत घालायला सुरुवात केली. गावात तेवढं ऊन आणि तेवढा वारा दुसरीकडे नव्हता. मी घरकारणीला म्हटलं, "फाल्यां गाडी येली तर माणसां सोलांवयल्यान देंवतली काय?"

"गाडी येयत तेन्ना काडीन," ती म्हणाली. "सोलां गाडयेपरस बेगीन सुकतत."

मुलगी बाळंतपणाला माहेरी आली, नातू झाला, तिला परत पोचवायला तिची आई गेली. मी निवाऱ्यापर्यंत गेलो. मुलीनं बसमध्ये चढताना स्टेशनाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. ती माझीच आहे, रागावली की गप्प बसते. मी रागावलो की बोलतो, एवढाच फरक.

आणि एक दिवस गाडी आली. आम्ही वर बसलो होतो. शिटी ऐकू आली, लांबची, डोंगराच्या पलीकडून. गुरव उठला आणि त्यानं रूळ बडवायला घेतला. बडवत राहिला. शिटी पुढं गेली, मग ऐकू येईनाशी झाली. गाडी डोंगरापलीकडून गेली होती. पेडण्याचं स्टेशन तिकडे बांधलं होतं, जमिनीवर, साधं.

गाव देवावर रुसलं. दोन सोमवार देवळात कोणी फुलं नेली नाहीत. मग गुरवानंच खुलासा केला. तो म्हणाला, "आमी देवाक विचारल्लां गाडी येतली काय. देवान व्हय म्हटल्यान. गाडी येयली. खंय येतली ता कोणी विचारलां?"

दुसऱ्या दिवशी सगळे फुलं घेऊन गेले.

हळूहळू सगळे रिक्षा करून पेडण्याच्या स्टेशनावर जायला लागले. घरकारीणही जायची. तिनं कोणाला शब्द दिला नव्हता. सकाळची गाडी पकडून मुलीकडे जायची, आठवडाभर राहून यायची, आणि आल्यावर सांगायची की गाडीत वारा कसा लागतो. मी ऐकून घ्यायचो. मी जिन्यावरचं गवत उपटायचो, कौलं शाकारायचो, बांक धुवायचो. लोक म्हणायचे, बस गाठ आणि जा. पेडणं माझं गाव नव्हे, आणि बसनं गेलो असतो तर व्याह्यांचंच बोलणं खरं झालं असतं.

मग मुलीनं घर बांधलं. दोघांनी पै पै जमवून, रत्नागिरीच्या बाहेर, भाड्याच्या खोलीला कंटाळून. वास्तुशांतीचं बोलणं निघालं आणि तिनं दुकानावरच्या फोनवर मला बोलावून घेतलं.

"बाबा, तू येतलंस?"

"माझो शब्द आसा."

"बरां. मगे माझोय घे. बापूस येयसर त्या घराचो उंबरो मीय वलांडूचंय ना."

तिनं फोन ठेवला. तेव्हापासून ते घर बंद. नवं घर, रंग दिलेला, विहिरीला पाणी लागलेलं, आणि ही तिघं भाड्याच्या खोलीत. जावई अधूनमधून जाऊन खिडक्या उघडून यायचा. व्याह्यांनी मला निरोप धाडला की तुमच्यापुढं हात टेकले, मी माझे शब्द मागे घेतो. त्यांनी घेऊन काय उपयोग? त्यांचे शब्द गाऱ्हाण्यात नव्हते, माझे होते. मी देवाला कौल लावला की मला सोडव. डावी कळी पडली. पुढच्या वर्षी परत लावला. परत डावी.

माझी एकच आशा उरली होती, ती म्हणजे कधीतरी एखादा फाटा आमच्या बाजूला निघेल. स्टेशन उभं असलं तर निघेल. नसलं तर कशाला निघेल? आणि तेव्हाच रस्ता रुंद करायचं ठरलं. एक खांब थोडा कललाही होता, ते मी नाकारत नाही, पण कललेला खांब पडतोच असं नाही. मी स्वतः कितीतरी वर्षं कललेला आहे. पंचायतीनं म्हटलं पाडायचं. मी म्हटलं, देवाला विचारून बांधलं, देवाला विचारूनच पाडा.

त्या वर्षी कोणीतरी नवस फेडायला गाभाऱ्यात पंखा बसवला होता. गुरवानं कळ्या लावल्या, विचारलं, "स्टेशन पाडूचां काय म्हाराजा?" आणि आम्ही बसलो. उकाडा होता म्हणून कोणीतरी बटण दाबलं. उजवी कळी सुटली, हवेत फिरली आणि देवाच्या डाव्या बाजूला जाऊन पडली.

थोरले गावकर म्हणाले, "उजवी सुटली. पाडूचां."

मी म्हटलं, "पडली खंय ता पळया. डावीकडे. पाडूचां ना."

"कौल सुटण्याचो, पडण्याचो न्हय."

"मगे गेली शंभर वर्सां कळी पडली म्हणतत ती कित्याक? सुटली म्हणाक जाय होती."

संध्याकाळपर्यंत वाद चालला. पंखा बंद करून परत विचारावं असं मास्तर म्हणाले, पण देवाला एका वर्षात एकच गोष्ट दोनदा विचारली तर तो रागावतो. शेवटी पहिल्या मानकऱ्याचा शब्द शेवटचा, ही रीत आहे, आणि रीत मी मोडत नाही. स्टेशन पाडलं. मी बघायला गेलो नाही. चिरे मानाप्रमाणे वाटले. थोरल्या गावकरांनी खांबांचे घेतले, बाकीच्यांनी ज्याच्या त्याच्या पायरीनं. मला विचारलं तेव्हा मी उजव्या जिन्याची पहिली पायरी मागितली. टेंपोतून ती माझ्या अंगणात आणून टाकली. मी तिच्यावर बसून राहायचो. जेवायला हाक मारली तरी उठायचो नाही.

एक दिवस घरकारीण माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात सूप होतं, तांदूळ निवडत होती.

"एक सांगा," ती म्हणाली. "ते पलतडचे देव, पोर्तुगीजांच्या भंयान लोकांनी माथ्यार घेऊन न्हंयचां पाणी वलांडून हाडले. आज डिचोलयेत बसले आसत. ते खंयच्या गावचे?"

"आपापल्या गावचे," मी म्हटलं. "देव हलयलो म्हणान गाव बदलना."

"देव हलता आनी तुमचां स्टेशन हलना?"

ती तांदूळ घेऊन आत गेली. मी पायरीकडे बघितलं.

गुरवाला पटायला वेळ लागला नाही. थोरल्या गावकरांना लागला. त्यांना वाटत होतं यात त्यांचा काही मान जातो की काय. उलट पायरीवर पहिला पाय त्यांचाच, असं सांगितल्यावर ते धुतलेलं धोतर नेसून तयार झाले. पिकअपमध्ये पायरी घातली, घरकारीण धरून आम्ही चौघं बसलो आणि पेडण्याच्या स्टेशनावर गेलो. चार हमाल नव्हते, मिळाले ते दोघे रत्नागिरीकडचे बांधकामावरचे मजूर, घरी जायला गाडीची वाट बघत होते. त्यांनी हात लावला आणि पायरी फलाटावर आली.

तिथले स्टेशन मास्तर बाहेर आले. पायरीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "हे काय आहे? लगेज असेल तर बुक करावं लागेल."

"लगेज नाही," मी म्हटलं. "स्टेशन आहे."

"हे स्टेशन आहे," ते पायाखाली बोट करून म्हणाले.

"हे तुमचं. हे आमचं. तुमच्यावर ठेवलंय थोडा वेळ, गाडी येईपर्यंत."

ते विचारात पडले. त्यांच्या नियमात दगडाबद्दल काही असावं, स्टेशनाबद्दल नसावं. एवढ्यात गुरवानं नारळ काढला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "जसे देव हलले आनी देवच रवले, तशी ही पायरी हलली आनी आमच्या गावचां स्टेशनच रवली, म्हणान मान्य करून घे म्हाराजा." आम्ही म्हटलं व्हय म्हाराजा. मजुरांनी म्हटलं. स्टेशन मास्तरांच्या तोंडूनही काहीतरी निघालं, मी ऐकलं.

कळी लावायला तिथं मूर्ती नव्हती. गुरवानं कळ्या पायरीच्याच दोन्ही कडांना चिकटवल्या. फलाटावर वारा भरपूर. मी दोन्ही हातांनी आडोसा केला, या वेळी कोणाला बोलायला जागा नको म्हणून. लांब शिटी झाली. कळी उजवीकडून सुटली आणि उजवीकडेच पडली.

गाडी थांबली. आमच्या डब्याचं दार बरोबर पायरीसमोर आलं नाही, थोडं पुढं गेलं. मग सगळ्यांनी मिळून पायरी ढकलली. थोरले गावकर काठी टेकत पायरीवर चढले, तिथून डब्यात चढले, कारण पहिला पाय त्यांचा. मग मी. मग घरकारीण, पिशवी घेऊन. आता गावकरांनी उतरायचं होतं. पण आमच्यामागून मजूर चढले, त्यांच्यामागून आणखी माणसं, आणि गाडी हलली.

"ए, माका देंवूंक जाय," गावकर म्हणाले.

"बसा, गावकारानू," घरकारणीनं त्यांना खिडकीजवळ जागा केली. "वारो बरो लागता."

गुरव फलाटावर पायरीवर उभा राहून हात हलवत होता. ती पायरी मग कोणाला एकट्याला हलवता आली नाही. अजून तिथंच आहे, नळाच्या बाजूला, माणसं तिच्यावर पाय ठेवून चपलेचा पट्टा लावतात. स्टेशन पाडलं असं कोणी म्हणालं तर मी त्याला तिकडे पाठवतो.

रत्नागिरीला जावई घ्यायला आला होता. टीसीला गावकरांचा दंड देऊन त्यांना सोडवलं आणि आम्ही रिक्षानं नव्या घराकडे गेलो. दारात मुलगी उभी होती, उंबऱ्याच्या बाहेर, नातवाचा हात धरून. शेजारी व्याही. त्यांच्या हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या होता. त्यांनी गावकरांकडे बघून विचारलं, "हे कोण?"

"आमचे पयले मानकरी," मी म्हटलं.

मुलीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, माझ्या पायांवर पाणी घातलं. मी उंबऱ्याकडे बघितलं. पाय उचलला आणि खाली ठेवला. सवयच तशी. मागे वळून मी गावकरांकडे बघितलं, तेही काठी सावरून पुढं व्हायला निघालेच होते.

मुलीनं काठी धरली. "काका, हांगा न्हय," ती म्हणाली. "हांगा पयलो बाबा."

गावकर थांबले. त्यांना तसं कोणी आयुष्यात सांगितलं नसेल. मग ते बाजूला झाले, आणि मी आत गेलो. माझ्यामागून ती आली.